अक्कांची अटक

लग्न होऊन मी हैदराबादला पहिल्यांदा आले, तेव्हा माझा नवरा अटकेत होता.

म्हणजे मला तसं सांगण्यात आलं. नामपल्लीला उतरून, माझा थोरला भाऊ आणि मी टांगा करून मलकपेठेतलं घर शोधत आलो. हे स्टेशनावर घ्यायला येणार होते, पण आले नव्हते. घर एकच, पण मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडांचं केलेलं. शेजारच्या दारात एक उंच, काळीसावळी बाई नऊवारीचा ओचा खोचून उभी होती. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाली, "आलीस होय? ये गं, ये. तुझे यजमान आणि आमचे हे, दोघंबी सकाळपासनं अटकेत आहेत. मीच घातलंय त्यांना. जेवायच्या वेळेला सोडते की."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुण्यात वकिलीच्या परीक्षेला बसलेला. घसा खाकरून त्यानं विचारलं, "कोणत्या कलमाखाली?"

"कलम कशाचं आलंय? नुसती धूळ भरलीय. शिडी तेवढी काढून घेतली मी, नाहीतर पळून जातेत दोघं."

रझाकारांचे दिवस सरून फार काळ झाला नव्हता. आमच्या वाईत हैदराबादबद्दल काय वाटेल ते बोलत. मुलगी कुठे देताय, असं अर्ध्या गावानं वडिलांना विचारलं होतं. मी तिथंच वळकटीवर बसले आणि भोकाड पसरलं. तेवढ्यात डोक्यावरून एक दणदणीत शिंक आली. ती शिंक मी ओळखली. ऐन मंगलाष्टकांत शिंकलेल्या माणसाला कोणती बायको विसरेल? वर पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या छताखालच्या फळ्यांमधून आमच्या ह्यांचं जाळ्याजळमटांनी भरलेलं डोकं बाहेर आलेलं. "अगं, गाडी वेळेवर कशी आली?" हे त्यांचं मला हैदराबादेतलं पहिलं वाक्य.

तेलुगूत माळ्याला अटक म्हणतात. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी तो शब्द उचलला आणि घरचाच करून टाकला. "अटकेत टाक", "अटकेतनं काढ" हे तिथलं रोजचं बोलणं. मी डोळे पुसत म्हटलं, "आमच्याकडे माळा म्हणतात." तर ती बाई म्हणाली, "माळा तर देवाच्या गळ्यात असतेत. त्यात सामान कसं ठेवतेत गं तुम्ही?"

या आमच्या अक्का. त्यांचे यजमान, तात्या, आमच्या ह्यांच्याच कचेरीत होते. मला त्या मरेपर्यंत 'वाईकरीण' म्हणाल्या. माझं नाव कमल आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

घराला भिंत होती, पण अटकेला नव्हती. दोन्ही स्वयंपाकघरांवरून ती आरपार गेलेली. निम्मी आमची आणि निम्मी त्यांची, असं घरमालकानं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला एक कोपरा आला, तोही पहिल्या दिवशी दोन माणसं वर अडकवून साफ करून घेतला म्हणून. बाकी सगळीकडे अक्का पसरलेल्या. रॉकेलचे रिकामे डबे, कंदिलांच्या काचा, मच्छरदाणीच्या काठ्या, छत्रीच्या काड्या, जात्याची एकच तळी, झाकणाशिवायचे डबे आणि डब्यांशिवायची झाकणं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच हरवलेली.

"मग किल्ल्या टाकून द्या ना," मी म्हणायची.

"आणि कुलूप सापडलं म्हणजे?"

"इतक्या वर्षांत सापडलं नाही ते आता कुठून सापडणार?"

"इतक्या वर्षांत कुठं? परसोंच तर हरवलंय." हैदराबादी माणसाचा परसों हा मोठा लवचिक असतो. त्यात गेला आठवडाही बसतो आणि आजोबांची मुंजही बसते.

मी स्वभावाची अशी, की वापरात नसलेली वस्तू दिसली की मला अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. आई म्हणायची, हिच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसू नका, ही उचलून बाहेर ठेवेल. तेव्हा अक्कांचं आणि माझं जुंपणार हे ठरलेलंच होतं. हद्दीवरून रोज कटकट. शेवटी तात्यांनी खडूनं अटकेच्या मधोमध रेघ मारून दिली. भाषावार प्रांतरचनेची तेव्हा कचेरीत, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, जिथं तिथं चर्चा चालली होती. तात्या म्हणाले, "हैदराबाद संस्थानाचं काय करायचं ते दिल्लीवाले ठरवतील, अटकेचा निकाल मी दिलाय." आठ दिवसांत अक्कांची भली मोठी परात रेघ ओलांडून माझ्या पापडाच्या डब्यावर येऊन बसली.

"अक्का, तुमची परात माझ्या हद्दीत आलीय!"

"अगं, तिला लिहिता-वाचता येतंय का? तिला काय कळतीय रेघ?"

पण खोटं कशाला बोलू, गल्लीचं अक्कांच्या अटकेवाचून पान हलत नसे. कुणाच्या घरी मंगळागौर, कुणाचं बाळंतपण, कुणाकडे अचानक वऱ्हाड उतरलेलं, की पहिली हाक अक्कांना. "अक्का, मोठं पातेलं आहे?" "अक्का, पाळण्याचे आकडे असतील का?" अक्का पदर खोचून शिडी चढायच्या आणि हात घालतील तिथून नेमकी ती वस्तू काढायच्या. उतरताना माझ्याकडे बघून, "टाकलं असतं म्हणजे?" एवढंच म्हणायच्या. मला असा राग यायचा! कारण त्या दिवशी त्यांचं खरं असायचं. उरलेल्या दिवशी माझं खरं असे, पण तेव्हा ऐकायला कुणी नसे.

एकदा मी त्यांना तावातावानं विचारलं, "अक्का, तुम्हाला वस्तूंची एवढी हाव कामून हो?" तोपर्यंत माझ्याही तोंडात त्यांचं 'कामून' बसलं होतं. त्या हातातली भाजी निवडत राहिल्या आणि मग त्यांनी मला खालांची गोष्ट सांगितली.

अक्कांचं सासर उदगीरच्या बाजूचं खेडं. रझाकारांच्या धुमाळीत सगळं घर रातोरात बार्शीकडे पळालं. गाडीत माणसंच मावेनात, मग सामान कुठलं? अक्कांनी भांडीकुंडी, अंथरुणं, लोणच्याच्या बरण्या, जे हाताला लागलं ते शेजारच्या रंगारणीच्या घरात नेऊन टाकलं. तिला सगळे खाला, म्हणजे उर्दूत मावशी, म्हणत. आपलं घर परत दिसेल, असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. सगळं शांत झाल्यावर ही मंडळी परतली. घराचे दरवाजेसुद्धा कुणी काढून नेले होते. खालांकडे मात्र एक चमचा हलला नव्हता.

"आणि ऐक," अक्का म्हणाल्या, "लोणच्याला हातभर बुरशी आलती. घरात वास मारायलेला. मी म्हटलं, खाला, हे तरी फेकायचं होतं. तर ती म्हणली, 'अमानत है बेटा. तुम्हारी चीज फेंकने का हक मेरेकू कैसा?' सडकं लोणचं गं! वर्षभर वासात झोपली बाई, पण फेकलं नाही."

अमानत म्हणजे ठेव, एवढा अर्थ मलाही ठाऊक होता. पण अक्का तो शब्द उच्चारायच्या तेव्हा आवाज आपोआप खाली यायचा, देवघरात येतो तसा.

मग एकदाचा निकाल लागला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे, तेलुगू मुलूख आंध्राकडे. कचेरीतल्या माणसांचीही वाटणी झाली. रोज कुणाचा ना कुणाचा हुकूम यायचा, मुंबई, औरंगाबाद, नागपूर. पाच-पाच पिढ्या हैदराबादेत घातलेली घरं आठवड्यात मोकळी व्हायला लागली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या आणि पुरुष उगीचच स्टेशनापर्यंत हमालाशी भांडायचे. आमचे हे, आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या वृद्ध सासूबाईंचं कारण देऊन आंध्रात राहिले. तात्यांचा हुकूम लांबला. "माझं नाव बहुतेक अटकेत पडलंय," असं ते म्हणायचे.

जाणाऱ्यांना एकच धास्ती होती. मुंबईत म्हणे एका खोलीत सबंध घर राहतं. मग हा पसारा न्यायचा कुठे? आणि विकायचा तरी कसा? समोरच्या रुक्मिणीबाई शिवणाचं हातमशीन घेऊन आल्या, "घर मिळेपर्यंत ठेवता का अक्का?" मग कुणाचा पलंगाचा सांगाडा, कुणाचा पितळी बंब, कुणाच्या गाद्या. अक्का एकालाही नाही म्हणाल्या नाहीत. पोस्टातले सोनकांबळे परभणीकडे निघाले. त्यांची बायको पत्र्याची ट्रंक घेऊन पायरीखालीच उभी राहिली. वर येईना आणि काही बोलेनाही. ती का थांबलीय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरावरची अटक होती ती. अक्कांनी खाली उतरून ट्रंकेची दुसरी कडी धरली. "उगं उभी कामून राहिलीस? उचल. अमानतीला आम्ही काही विचारत नसतो." दोघींनी मिळून ट्रंक शिडीवर चढवली. माझ्या सासूबाई दोन दिवस अक्कांशी बोलल्या नाहीत. अक्कांना ते कळलंसुद्धा नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

"अक्का, फळ्या मोडतील हो," मी म्हणायची. "माझ्या डोक्यावर बंब पडला तर?"

"तर तुझं नाव होईल गल्लीत. हल्लू चालत जा खालनं."

आणि मग तात्यांचाही हुकूम आला. मुंबई. ताबडतोब. तात्या पुढे गेले, कुणाच्या तरी ओळखीनं एक खोली मिळवली आणि अक्कांना बोलावणं धाडलं. घरमालकानं त्यांचा भाग महिनाअखेरीस दुसऱ्याला कबूल केलेला. दिवस भराभर चालले होते, आणि अक्का हलेनात. मुंबईहून तात्यांचे निरोप यायचे, की खानावळीचं जेवण सोसत नाही, पोट बिघडलंय. अक्का रात्री जेवायच्या नाहीत, सकाळी शिडीला टेकून वर बघत उभ्या राहायच्या. एवढ्या लोकांची अमानत कुणाच्या जिवावर टाकून जायची? नवा भाडेकरू ती रस्त्यावर काढणार, हे उघड होतं. नवरा तिकडे आणि जबाबदारी इकडे, अशी बाई मधल्या मध्ये चिमटली होती. मला ते बघवेना.

"निदान तुमचं सामान तरी बांधू या," असं म्हणून एका दुपारी मीच वर चढले. "हं, सांगा, तुमचं कुठलं?"

"ते बाजूचं?" "ते वकिलांचं." "हा पाळणा?" "तो काचीगुड्याच्या मास्तरांचा." "ही गादी?" "रुक्मिणीची." मी अटकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेले. रॉकेलचे डबे नव्हते, काठ्या नव्हत्या, जात्याची तळी नव्हती. माझ्या पापडाच्या डब्यावर बसणारी ती दांडगी परात, तीही कुठे दिसेना.

"अक्का, तुमचं काहीच नाही इथं!"

"हौ."

"परात कुठाय?"

"भंगारवाल्याला दिली. थोडं थोडं करून दिलं सगळं. तू देवळात जायचीस ना संध्याकाळची, तेव्हा."

"सगळं दिलंत?"

"मग जागा कशी व्हायची गं? अटक काय रबराचीय?"

मी तशीच फळीवर बसून राहिले. तुटकी किल्ली न टाकणारी ही बाई. तिनं आपला सगळा संसार भंगारवाल्याच्या पोत्यात घातला होता, दुसऱ्यांच्या गाद्यांना जागा व्हावी म्हणून. आणि मी खाली बसून हद्दीच्या गप्पा मारत होते! मला रडू आलं, आणि अक्कांचा संतापही आला. "अहो पण का? त्यांना नाही म्हणायचं होतंत!"

"माझं राहिलं काय आणि गेलं काय," खालून अक्का म्हणाल्या. "मी काय माझीच वाट बघत बसणारंय? त्यांचं इथं असलं तर ते येतेत. सामान घेऊन गेलेलं माणूस गेलंच की गं. कशाला फिरकतंय इकडं?"

मग मीच म्हटलं, "मी बघते सगळं. नव्या भाडेकरूला अटक देणार नाही. घरमालकाशी ह्यांना बोलायला लावते."

अक्कांनी वर पाहिलं. त्या नजरेत आनंदापेक्षा संशयच जास्त होता. "तू? वाईकरीण, तू टाकशील."

"नाही टाकणार."

"बुरशी आली तर?"

"येऊ दे."

"उंदीर लागले तर?"

"उंदीर टाकीन. सामान नाही टाकणार. आता उतरू द्या मला, शिडी धरा!"

तेव्हा कुठे त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं.

नामपल्लीला त्यांना पोचवायला गेलो, तेव्हा त्यांच्यापाशी एक ट्रंक आणि एक वळकटी होती. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून मला गाद्यांना ऊन दाखवायच्या सूचना देत होत्या. गाडी हलली तरी संपेनात. "बंबाला चिंच लाव" एवढं शेवटचं ऐकू आलं.

आणि लोक आले, हे खरंच सांगते. कुणी वर्षानं, कुणी चार वर्षांनी. मुलांना सुट्टी लागली की औरंगाबादहून, मुंबईहून कुणीतरी दारात उभं. "अक्कांकडे आमचं एक पातेलं होतं." पातेल्यासाठी माणूस रात्रभर प्रवास करून येतं होय? पण यायचे. आले की दोन दिवस राहायचे, जुनी गल्ली फिरायचे, बिर्याणीचा वास घ्यायचे, कुणाकुणाच्या दारांवरून हात फिरवायचे. जाताना निम्मे लोक म्हणायचे, "या खेपेला नाही नेता येत. राहू दे का अजून?" मी हो म्हणायची. पोटातून चिडचिड व्हायची, पण हो म्हणायची. सोनकांबळ्यांची बायको ट्रंक न्यायला आली, ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. सासूबाईंनीच तिच्यापुढे चहाची बशी सरकवली. त्यांना म्हातारपणी शहाणपण आलं, की ऐकू कमी येत होतं म्हणून कोण आलंय ते कळलं नाही, देव जाणे.

पुढे भाच्याच्या लग्नाला मी मुंबईला गेले, तेव्हा वेळ काढून अक्कांना भेटायला गेले. गोरेगावला एक खोली. एक खाट, एक स्टो, भिंतीला दोन फळ्या, फळ्यांवर मोजकी भांडी. सगळं कसं लख्ख, वापरातलं. मला जसं घर आवडतं तसं, अगदी तसंच. आणि मला तिथं बसवेना.

अक्का वाळल्या होत्या. मी एकेकाची खबर दिली. कोण आलं, काय नेलं, कुणाची मुलगी केवढी झाली. त्या अधाशासारखं ऐकत होत्या. मी विचारलं, "इथं कसं काय? शेजार बरा आहे का?"

"बरा आहे की. माणसं चांगलीयत. दारं लावून घेतेत, एवढंच. इथं जागाच नाही बघ वाईकरीण. कुणी काही ठेवायला येत नाही. माझ्यापाशी कुणाचं काहीच नाही, मग कुणाला कामून आठवण यावी माझी?"

त्याच सकाळी बाजारातून मी स्वतःसाठी एक पंचरस धातूचा पुरणपोळीचा डबा घेतला होता, चांगला जडसा, कडीचा. तो पिशवीतून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"अक्का, हा ओझ्याचा डबा मी आता लग्नघरी कुठे घेऊन हिंडू? तुमच्याकडे राहू दे. पुढच्या खेपेला नेते."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. लबाडी त्यांच्या लक्षात आली असणार. त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजली होती कधी? पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, खोलीभर नजर फिरवली, जागा काही दिसेना. शेवटी खाटेवरची उशी सरकवली आणि उशाशी ठेवला.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "पण लवकर ये गं. लोकांच्या वस्तूची फार काळजी लागून राहते."

त्यानंतर अक्का होत्या तोवर, दर उन्हाळ्यात मी तो डबा आणायला मुंबईला गेले आणि दर वेळी तिथंच विसरून आले.